हलाखीची झिलई

मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू वस्त्यांतील गृहसजावटीच्या दुकानांत अलीकडे एक वस्तू मोठ्या मानाने मांडलेली दिसते. जुन्या खिडकीची एखादी फळी, तिच्यावर अर्धवट खरवडलेला निळा रंग, कडेला गंजलेला खिळा आणि मधोमध कुंचल्याने रंगवलेली अक्षरे : ‘चहा तयार आहे’, ‘उधारी बंद’, नाहीतर नुसतेच ‘घर’. ही फळी चाळीच्या खिडकीला होती तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. मोडकळीस आल्यावर मात्र तिला दिवाणखान्याच्या भिंतीवर जागा मिळाली आहे. तिच्या जोडीला बैलगाडीच्या चाकाचे मेज, जहाजाच्या गोल खिडकीचा आरसा आणि गिरणीतल्या बॉबिनचे मेणबत्तीदान असते. या मालाला व्यापारात ‘रस्टिक’ म्हणतात, आणि त्याच्यावर मुद्दाम आणलेल्या झिजक्या, खरवडलेल्या कळेला ‘डिस्ट्रेस्ड फिनिश’ असे नाव आहे.

हा शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनोळखी नाही. नड भागवण्यासाठी शेतकरी ऐन सुगीत पडेल त्या भावाने धान्य विकतो, तेव्हा त्या व्यवहाराला ‘डिस्ट्रेस सेल’ म्हणतात. डिस्ट्रेस म्हणजे हलाखी. एका बाजारात हलाखी भाव पाडते आणि दुसऱ्या बाजारात तीच हलाखी भाव चढवते. हा चमत्कार कसा घडतो आणि मधला फरक कोणाच्या खिशात जातो, हे पाहिल्याखेरीज या शोभिवंत फळ्यांचे अर्थकारण उलगडणार नाही.

हे लाकूड येते कोठून? गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळी पाडल्या जातात, पुण्या-नाशिकचे वाडे उतरवले जातात, गिरण्यांची छपरे खाली येतात. त्यांतील सागाच्या तुळया, खांब, कठडे, चौकटी पाडकामाचा ठेकेदार ठोक रकमेत उचलतो. गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजे तोडली जातात. त्यांच्या कोठड्यांतील कपाटे, दिवे व दारे रस्त्याच्या दुतर्फा विक्रीला मांडलेली असतात. ती जहाजे तोडणारा मजूर ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला, कंत्राटी आणि सदैव अपघाताच्या छायेत वावरणारा. चाळीतला भाडेकरू संक्रमण शिबिरात जातो. तीन पिढ्यांच्या पायांनी झिजलेला त्याचा उंबरठा ट्रकमध्ये चढतो. कायद्याच्या दृष्टीने तो त्या उंबरठ्याचा मालक नव्हताच. त्यामुळे त्याला काही मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु फळीला पुढे जी किंमत येते ती सागाची नसते. ती त्या झिजेची असते, आणि झीज भाडेकरूच्या संसाराने केलेली असते. ज्याने मूल्य निर्माण केले त्याच्या वाट्याला शून्य, ज्याने ते उचलले त्याच्या वाट्याला सर्वस्व, हा भांडवली व्यवस्थेचा जुनाच न्याय येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

गिरणीच्या धोट्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जुने धोटे आता पॉलिश करून भिंतीवर टांगतात, त्यांत सुकलेली फुले खोवतात. सुताची कांडी बदलताना विणकर या धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सूत ओढून घेत असे. कापसाचा तंतू त्यासोबत पोटात आणि छातीत जात असे. मुंबईच्या गिरण्यांत याच कारणासाठी अस्पृश्य मानलेल्या कामगाराला अधिक पगाराच्या विणकाम खात्याचे दार बंद होते. त्याच्या उष्ट्या सुताचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला होता. वर्ग आणि जात यांचा इतका मोठा इतिहास त्या वीतभर लाकडात साठलेला आहे. भिंतीवर टांगताना त्यातला इतिहास पुसला जातो आणि लकाकी तेवढी शिल्लक राहते.

तो धोटा बाजारात आला कसा, हेही विसरता येणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कामगार मात्र देशोधडीला लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून एक महापालिकेला, एक सार्वजनिक गृहनिर्माणाला आणि एक मालकाला, अशी विभागणी ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. घरासाठी लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. घरे मिळाली ती त्या मानाने थोड्यांना. गिरण्यांच्या आवारात उपाहारगृहे व मद्यालये उभी राहिली. गिरणीची वीट, तुळई आणि चाक यांना तेथे स्थान आहे. गिरणी कामगार तेवढा तेथे परका आहे.

आता निर्मितीकडे वळू. मागणी वाढली तसे खरे जुने लाकूड अपुरे पडू लागले आणि नव्याला जुने करण्याचा धंदा फोफावला. फळीवर साखळीने घाव घालतात, तारेच्या ब्रशाने रेषा उठवतात, लोखंडी कीस भिजवलेले शिर्के फासून लाकूड काळपट करतात. एका रंगावर मेण चोळून दुसरा रंग चढवतात आणि तो पॉलिश-कागदाने जागोजागी उडवतात. याला कसब लागते, यात शंका नाही. परंतु हे कसब ज्या पत्र्याच्या शेडमध्ये चालते तिथली हवा कोणी पाहिली आहे काय? घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे दर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत; त्यापूर्वीचा रंग घासला की शिशाची धूळ उडण्याचा धोका असतो. लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच निःसंशय कर्ककारकांत केली आहे. बंदरांतून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्यांवर ‘एम. बी.’ असा ठसा असेल, तर त्या मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेल्या असतात. तो ठसा वाचण्यास मजुराला कोण शिकवणार? ग्राहकाला मात्र ठशासकट फळी अधिक ‘अस्सल’ वाटते!

कायद्याचे संरक्षण असावे तर तेही दूर सरकले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार विजेवर काम चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांनी ही मर्यादा २० वर नेली. बारा-पंधरा सुतार-रंगाऱ्यांची शेड त्यामुळे ‘कारखाना’ या व्याख्येतूनच निसटली.

पाटी रंगवणाऱ्याची कथा याहून वेगळी नाही. गावोगावचा ‘पेंटर’ ही महाराष्ट्राची एक लोकमान्य संस्था होती. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री याच नावाने, बाबूराव पेंटर म्हणून, अजरामर झाले; सावकाराने जमीन गिळल्यामुळे शहरात मजूर होणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी त्यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ या चित्रपटात मांडली. भिंतीवर सूत मारून शिरोरेषा आखणारा, दुकानाच्या ऐपतीप्रमाणे अक्षराला छाया देणारा हा कारागीर फ्लेक्सच्या आगमनानंतर बेकार झाला. २०२२ मध्ये राज्याने छोट्या दुकानांसह सर्वांना मराठी पाट्या सक्तीच्या केल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्यांचा असा सुकाळ पूर्वी झाला नव्हता. पण ते काम बहुतांशी छापील आणि प्रकाशित अक्षरांच्या यंत्रांकडे गेले. मराठीचा अभिमान मिरवणाऱ्यांना मराठी अक्षर घडवणाऱ्या हाताची आठवण झाली नाही. आता त्याच हाताला सजावटीचा व्यापारी बोलावतो. ‘जरा वेडेवाकडे काढा, गावठी वाटले पाहिजे,’ असे सांगतो. ज्याने जन्मभर रेष सरळ यावी म्हणून मनगट झिजवले, त्याला नगावर मजुरी मिळते ती रेष वाकडी काढण्याची. पाटीवर सही त्याची नसते. छाप दुकानाची असते.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर पर्यावरणाच्या हिताचा आहे. अवश्य आहे. परंतु हा धडा गरिबाला कोणी द्यावा? लुगड्यांची गोधडी शिवणारी, तेलाच्या डब्याचा पत्रा छपराला ठोकणारी जनता हे शतकानुशतके करीत आली आहे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच कामाला श्रमाची प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी. भंगार वेचणारी बाई आणि ‘रस्टिक’ फळी विकणारा व्यापारी हे दोघेही टाकाऊतून मूल्य काढतात. एकीला त्याबद्दल हिणवले जाते आणि दुसऱ्याचे कौतुक होते. शिवाय घाव घालून नव्याचे जुने करण्यात कोणते पर्यावरण वाचते?

दुसरा आक्षेप रोजगाराचा. रोजगार मिळतो हे खरे. पण रोजगार मिळतो एवढ्यावर समाधान मानायचे, तर वेठबिगारीचेही समर्थन करता येईल. प्रश्न आहे तो वाट्याचा.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा. समाजवाद्यांना सुंदर वस्तूंचे वावडे आहे, हा आरोप नवा नाही. विल्यम मॉरिस याने १८६१ मध्ये कारागिरीची पेढी काढली. हाताने घडवलेली सुंदर वस्तू केवळ धनिकांच्याच घरी जाते हे त्याला अनुभवाने कळले, आणि १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत दाखल झाला. सौंदर्याच्या ओढीनेच त्याला तेथे आणले. दुसरीकडे थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दाखवून दिले की, यंत्राचा चमचा निर्दोष असूनही श्रीमंताला हाताने घडवलेला चमचा हवा असतो, कारण त्यातील उणिवाच त्याच्या महागपणाची साक्ष देतात. मॉरिसच्या छापखान्याची पुस्तकेही या टीकेतून त्याने वगळली नाहीत. खरवडलेली फळी ही व्हेब्लेनच्या चमच्याची नात आहे. गरिबीची खूण विकत घेण्याइतकी श्रीमंती आपल्याकडे आहे, हे ती पाहुण्याला सांगते.

तेव्हा या वस्तूंवर बंदी घाला, असे कोणी म्हणत नाही. मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक इमारती आणि सरकारी मालकीच्या गिरण्या यांच्या पाडकामातील लाकूड लिलावात मोठ्या ठेकेदाराच्या घशात घालण्यापूर्वी सुतार-रंगाऱ्यांच्या सहकारी संस्थांना रास्त दराने द्यावे. म्हाडा आणि महापालिकेने चाळ पाडताना भाडेकरूला त्याची दारे-खिडक्या नेण्याचा किंवा त्यांची किंमत घेण्याचा हक्क द्यावा. शाळा, दवाखाने, एस.टी. स्थानके यांच्या पाट्या पुन्हा हाताने रंगवून घ्याव्यात आणि त्यावर पेंटरचे नाव असावे. कामगारसंख्या कितीही असो, धूळ व शिसे यांपासून संरक्षण बंधनकारक करावे. कामगार संघटनांनीही आता मोठ्या कारखान्यांच्या फाटकापलीकडे पाहून या शेडमध्ये शिरले पाहिजे; नगावर राबणारा रंगारी हाही गिरणी कामगाराचाच वारस आहे, कित्येकदा तर रक्ताच्या नात्याने.

दुकानातल्या त्या फळीवर ‘उधारी बंद’ असे मोठ्या झोकात रंगवलेले असते. ती फळी ज्याने झिजवली, ज्याने उतरवली, ज्याने घासली आणि ज्याने रंगवली, त्या चौघांचीही उधारी समाजाच्या खात्यावर अजून येणे आहे. ती चुकती होईपर्यंत त्या अक्षरांना काही अर्थ नाही.