दीड तासाचं गणित

वर्ध्याच्या एका निवृत्त गुरुजींना डोंबिवलीच्या मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, यंदा विमानानंच या. दीड तास तर लागतो!" गुरुजींनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "काऊन वं, आपल्या वर्ध्याले विमान कवापासून उतराले लागलं?"

उतरत नाही. जवळचा विमानतळ नागपूरला सोनेगावात, वर्ध्याहून सुमारे ७० किलोमीटरवर. तिथून मुंबई हवेतून सरळ रेषेत ६८० किलोमीटरच्या आसपास. वर्ध्याहून रेल्वेनं मुंबई ७५८ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ११ डिसेंबर २०२२ला शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ला पूर्ण खुला झालेला.

आता गुरुजींचं गणित. विमान सकाळी सातचं. म्हणजे पहाटे साडेतीनला टॅक्सी दारात, म्हणजे त्या रात्री झोप नाही. बुटीबोरीला ट्रकांची रांग लागली तर बाईंचा रामनामाचा जप सुरू. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, पट्टा काढायचा, बूट काढायचे, आणि लोणच्याच्या बरणीवरून गणवेशातल्या पोराशी हुज्जत घालायची. (तेल सुटलेलं लोणचं हा सुरक्षेचा प्रश्न होऊ शकतो, हे वऱ्हाडी माणसाला पटवणं अवघड आहे.) मग तो प्रसिद्ध दीड तास. मग पट्ट्यावर फिरणाऱ्या बॅगांची वाट आणि अंधेरी ते डोंबिवली. घरी पोचेस्तोवर साडेअकरा.

उलट विदर्भ एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसावं, आठला डबा सोडावा, पहाटे कल्याणला उतरावं. डोंबिवली तिथून हाकेच्या अंतरावर. तास जास्त लागतात खरे, पण त्यातले बरेचसे झोपेत जातात. मुलांच्या फोनमधलं विमान मात्र धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतच मोजतं. दारापासून दारापर्यंतचा हिशेब आईबापांनी करायचा.

तसं नागपूरच्या धावपट्टीनं एके काळी साऱ्या देशाची सोय पाहिली आहे. जानेवारी १९४९मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, आपसांत टपालाच्या थैल्या बदलत आणि आपापल्या गावी परतत. देशाच्या मधोमध असण्याचा असा रोकडा फायदा वैदर्भीयांना पुढे फारसा कुणी दिला नाही.

टपालाचा विषय निघालाच आहे तर वर्ध्याजवळच्या सेगावचं सांगायला हवं. गांधीजी १९३६मध्ये तिथं राहायला गेले आणि त्यांची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. तेही याच नागपूर-भुसावळ मार्गावर. अखेर १९४०मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. पुढे वर्धा पूर्व स्टेशनालाही तेच नाव मिळालं.

पत्रांचा घोळ मिटला, माणसांचा उरला. चेन्नई-हैदराबादकडच्या गाड्या सेवाग्रामला थांबतात, मुंबईच्या बहुतेक वर्ध्याला. जावई एका स्टेशनावर, सासरे हार घेऊन दुसऱ्यावर, असा प्रसंग ज्यांच्या घरी घडला नाही असं वर्धेकर कुटुंब विरळाच. तेव्हा पाहुण्यांना आणायला निघण्याआधी तिकिटावरचं स्टेशनाचं नाव वाचून घ्या. ऑटोवाला विचारणार नाही.