इंधनाचा प्रयोग कोणाच्या टाकीत?

इंदूरच्या सुदामा नगरातील एखाद्या सेवानिवृत्ताची जुनी स्कूटर आणि मालवण किनाऱ्यावरील पेट्रोलवर चालणारी होडी यांत साम्य एकच: त्यांच्या टाकीत काय जावे, हे त्यांच्या मालकांना विचारून ठरलेले नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० साठीचे उद्दिष्ट सरकारने अलीकडे ओढले आणि २०२५ मध्ये ते गाठलेही. परकीय चलन वाचते, ऊस व मका पिकविणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र इंजिनाला राष्ट्रहित कळत नाही. त्याला कळते ते केवळ रसायनशास्त्र.

ज्वलनाचे हे शास्त्र मोठे काटेकोर आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडेपर्यंत इंधनाने पेट घ्यावयाचा नसतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाने आपण होऊन पेटावयाचे असते. पहिल्या गुणाचे माप ऑक्टेन अंक, दुसऱ्याचे सीटेन अंक. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभरावर असल्याने ते पेट्रोलला मानवते. सीटेन अंक मात्र अत्यल्प, आणि डिझेलमध्ये ते नीट मिसळूनही राहत नाही. म्हणूनच तो प्रयत्न फसल्यावर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने डिझेलमध्ये १० टक्के आयसोब्युटॅनॉल मिसळण्याचे प्रयोग हाती घेतल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले. हे द्रव्य डिझेलमध्ये अधिक सहजतेने मिसळते खरे. परंतु त्याचाही सीटेन अंक कमीच आहे.

पेट्रोलचा अनुभव येथे उपयोगी पडावा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. निव्वळ पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या चारचाकींची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटेल, हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात नमूद होते. तरीही ग्राहकाला पर्याय ठेवला गेला नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, म्हणून प्रश्न संपला असे नव्हे. न्यायालयाने दार बंद केले, तरी सिलिंडरमधील प्रक्रिया बदलत नाही.

किनारपट्टीला याची झळ अधिक लागणार आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पावसाळी बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या बाबतीत हा धोका पुस्तकी नव्हे. शहरात गाडी बंद पडली तर ढकलत नेता येते. भर समुद्रात मोटार बंद पडली तर प्राणाशी गाठ असते. आणि आता पाळी डिझेलची, म्हणजे ट्रॉलरची, आहे.

इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणीमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. वाहनांची कसोटी पाहणाऱ्या देशाला खारी हवा, ओलावा आणि जुनी सागरी इंजिने यांची कसोटी पाहणे अशक्य नाही. आयसोब्युटॅनॉलची सक्ती होण्यापूर्वी अशा चाचण्या व्हाव्यात, त्यांचे निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत आणि प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लिहावे. आधी संशोधन आणि मग धोरण, हा क्रम उलटला तर प्रयोगशाळेचा खर्च वाचतो. पण तो कोळ्याच्या आणि खारव्याच्या खिशातून वसूल होतो.