नक्कल करणाऱ्या बुवाला खाली बसवू नका

सप्ताहाचे दिवस आले की हिरडस मावळ असो की गुंजण मावळ, रात्रीच्या जागराला पेटीवर बसलेला तरुण बुवा हमखास भीमसेन जोशींसारखा गातो. कुणी अजित कडकड्यांसारखा, कुणी प्रल्हाद शिंद्यांसारखा. मग मंडपाच्या कडेचं कुणीतरी म्हणतं, "नुसती नक्कल!" मंडळींनो, हे बोलणं सोडा.

भीमसेनांनी पोरवयात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली, तसंच गाता यावं म्हणून १९३३ साली घर सोडलं आणि पुढं शिकले तेही खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे. कुमार गंधर्व तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गायचे. त्यावरच त्यांचं नाव झालं. नंतर मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले, स्वतःचं गाणं उभं केलं, आणि मग 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. 'पहली नजर' (१९४५) मधला मुकेश ऐका, सैगलच वाटतो. म्हणून त्याला कुणी परत पाठवलं नाही.

मात्र नक्कल कशाची करता, ते बघा. भीमसेनांचे हातवारे उचलायला एक संध्याकाळ पुरते. दम कुठं घेतला, शब्द कुठं सोडला, समेवर कसे आले, हे उचलायला वर्षं जातात, आणि तेवढ्या वर्षांत गळा तयार होतोच. पट्टी मात्र आपली घ्या. रेकॉर्डच्या पट्टीला गळा ताणला की तिसऱ्या अभंगाला आवाज बसतो आणि पुढचं सगळं टाळकऱ्यांवर पडतं. (माइकचा 'इको' वाढवून हे झाकलं जात नाही.)

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत आणि आपण गातो कॅसेटवरचे तेच आठ-दहा. राम फाटकांनी 'तीर्थ विठ्ठल'ला लावलेली चाल आवडते ना? जरूर गा. पण एकदा तीच चाल, अक्षरं बसतील अशा दुसऱ्या एखाद्या अभंगाला लावून बघा. शब्द वेगळे आले की ठेका तोच राहूनही जागा हलवाव्या लागतात, आणि तिथं रेकॉर्ड मदतीला येत नाही. तिथून पुढं तुमचं तुम्हालाच गावं लागतं.

आणखी एक. वेळवंड खोऱ्यात, वेल्ह्याच्या वाड्यांत काकड्याच्या जुन्या चाली येणारे म्हातारे बुवा अजून आहेत. त्या चाली कुठल्याच कॅसेटवर नाहीत. त्यांच्यामागं बसा, मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, आणि जशीच्या तशी नक्कल करा. हे काम येत्या काकड्यालाच सुरू करा.