मिसळणाचा डबा आणि बारा बोल्ट

गेले तीन दिवस मी एका बोटीत उताणा पडून आहे. बोट पाण्यात नाही. मिनेसोटात पुतण्याच्या गॅरेजसमोर, ट्रेलरवर उभी आहे, आणि तिच्या काठाला आम्ही भोकं पाडतो आहोत. भिंतीला खिळा नको म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घड्याळ लावणारा आणि ते पहाटे तीनला कोसळल्यावर त्यावर अख्खा लेख पाडणारा तो मीच, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. (त्या लेखानंतर कोल्हापूरच्या एका वाचकांनी टपालाने रावलप्लग पाठवले होते. आभार. पाकीट अजून फोडलेलं नाही.)

थोडक्यात प्रकरण असं. पुतण्याने एक जुनी स्की-बोट घेतली, एकोणीस फुटी. हिच्या पोटात मध्यभागी इंजिन आणि त्याच्या पुढे एक आखूड खांब. वॉटर-स्कीची दोरी त्या खांबाला बांधतात. पाणी कापत डावीउजवीकडे जाणाऱ्या स्कीवाल्याला दोरी अशी खालूनच बरी पडते. पण आमच्या चौदा वर्षांच्या नातीला स्की नको, वेकबोर्ड हवा. म्हणजे एकाच फळीवर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि बोटीमागे उठलेल्या लाटेवरून हवेत उडायचं. त्याला दोरी वरून ओढणारी लागते. म्हणून बोटीच्या दोन्ही काठांवर पाय रोवलेली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची कमान उभारतात. तिला म्हणतात टॉवर. दोरी पाण्यापासून सहा-सात फुटांवर गेली की उडणाऱ्याला वरून आधार मिळतो. मात्र हवा भरलेली ट्यूब या टॉवरला बांधून पोरं ओढू नका, असं सोबतच्या कागदावर ठळक छापलं आहे. ट्यूबने पाण्यात नाक खुपसलं तर झटका थेट टॉवरच्या बुडाला बसतो.

आता माझी तक्रार. हा टॉवर ‘कुठल्याही बोटीला बसणारा’ म्हणून घेतलेला. फ्री साइज! फ्री साइज म्हणून आणलेला एकही कुर्ता आजवर माझ्या खांद्यांवर खांद्याच्या जागी बसलेला नाही, आणि इथे तर गिऱ्हाईक फायबरचं. पाय टेकले की काठाशी एका बाजूने दोन बोटं फट राहते. मग पाय फिरवा, नळी सरकवा, परत मापं घ्या. मी पाणसळ काढली, टॉवरवर ठेवली आणि बुडबुडा पार कडेला गेलेला पाहून गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की टॉवर तिरका आहे. पुतण्या म्हणाला, “काका, तिरका रस्ता आहे.” गॅरेजसमोर उतार, उतारावर ट्रेलर, ट्रेलरवर बोट. आधी जॅक लावून बोट सपाट केली, मग टॉवर. त्यात सकाळ गेली.

पण सरळ-तिरक्याचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते भोकाचं. ज्या वस्तूने जन्मभर एकच गोष्ट सांभाळायची, की आपल्याला कुठे भोक पडू नये, तिलाच आपण आपण होऊन बारा भोकं पाडायची! चार पाय, पायाला तीन बोल्ट. काठ पाण्याच्या बराच वर असतो हे मला कळतं. पुतण्याने मला ते चार वेळा सांगितलंही. तरी त्याने पहिल्या खुणेवर ड्रिल टेकवलं तेव्हा मी तोंड फिरवून शेजारच्या मेपलकडे पाहत होतो. खुणेवर कागदी टेप चिकटवलेली, आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवायचं. सुलटं फिरवलं तर वरच्या चकचकीत थराचे टवके उडतात. उलटं फिरवून तो थर हळूच खरवडायचा, मग सुलटं करून आरपार जायचं. त्याआधी खालून हात घालून वायर किंवा पेट्रोलची नळी वाटेत नाही ना, हे चाचपायचं. माणूसही माणसाच्या पोटात सुरी घालताना याहून फार वेगळं काही करत नसावा. सर्जनबद्दल बोलतोय.

आणि इथेच माझी नेमणूक झाली. “काका, तुमचा हात बारीक आहे.” बोल्ट वरून टाकायचा, पण खाली एक जाड पट्टी, वॉशर आणि नट लावायचा. पट्टी नसेल तर सगळा ताण तेवढ्याच भोकावर येतो आणि फायबरला तडा जातो. त्या खालच्या सांदीत पुतण्याची मनगटं शिरत नाहीत, माझी शिरतात. मनगट बारीक राहिलं म्हणून आमच्या आईने आयुष्यभर हळहळ केली. ते सत्कारणी लागलं ते असं. मी उताणा, नाकावर सीलंटचा थेंब, वरून प्रश्न: “सापडलं का?” खालून मी: “काय?” असे बारा बोल्ट.

संध्याकाळी पाठ शेकताना पुतण्याने मला उभारी यावी म्हणून गोष्ट सांगितली. आम्ही आहोत तिथून दीड तासावर लेक सिटी नावाचं गाव आहे, लेक पेपिनच्या काठावर. नावाला तलाव, खरं तर मिसिसिपी नदीच तिथे रुंदावली आहे. वॉटर-स्कीचा जन्म तिथला. 1922 च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला वाटलं, बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही? आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही वेळा बुडाला. मग पाइनच्या दोन फळ्या आणल्या, आठ फूट लांब, नऊ इंच रुंद. त्यांची टोकं वर वळावीत म्हणून ती आईच्या तांब्याच्या हंड्यात उकळून काढली आणि शिकंज्यात आवळून ठेवली. दोरी म्हणून खिडकीच्या तावदानाची सुतळी, भाऊ बोटीवर. 2 जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो पाण्यावर उभा राहिला. पेटंट घेतलं नाही. ते 1925 मध्ये फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाने घेतलं. त्याच वर्षी सॅम्युएलसनने पाण्यात उतरती फळी रचून तिच्यावरून उडी मारली. फळी गुळगुळीत व्हावी म्हणून तिला फासली होती डुकराची चरबी. पुढे त्याने टर्की पाळल्या. वॉटर-स्कीच्या अमेरिकी संघटनेने त्याला पहिला मानलं ते 1966 मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.

मी हळहळलो. चव्वेचाळीस वर्षं! पेटंट दुसऱ्याच्या नावावर! पण स्वयंपाकघरातून ही ऐकत होती, आणि तिला या गोष्टीत सॅम्युएलसन दिसलाच नव्हता.

“हंडा आईचा होता ना?” ती म्हणाली. “मग घासला कोणी?”

आम्ही दोघं गप्प.

“आणि चरबी कोणाच्या डब्यातली?”

हा आवाज मला ओळखीचा आहे. आमच्याकडे तांब्याचा बंब होता तेव्हा मी सातवीत शाळेच्या प्रयोगासाठी त्यात मेण वितळवलं होतं. तेव्हा आईचा आवाज असाच, खाली-खाली गेला होता. पण तो जुना गुन्हा. आत्ता काय झालं ते मला कळेना. मग हिने ओट्यावरून डबा आणला आणि आमच्यासमोर ठेवला. मिसळणाचा. पुण्याहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेला, सात वाट्यांचा. झाकण उघडलं. मोहरीच्या वाटीत वॉशर. हळदीच्या वाटीत नट, पिवळे. मधल्या वाटीत ते राखाडी ग्रीस, जे स्टीलचे आटे एकमेकांत आवळून बसू नयेत म्हणून लावतात.

“सात मापं होती, काकू,” पुतण्या म्हणाला. “आणि वाट्या बरोब्बर सात.”

“आणि माझा मसाला?”

मसाला त्याने नीट काढून ठेवला होता. अमेरिकेत वाढलेला मुलगा, शिस्तीचा. सात छोट्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. फक्त जिऱ्याच्या पिशवीवर ओवा आणि ओव्याच्या पिशवीवर जिरं. दुपारच्या आमटीला जिऱ्याच्या जागी ओव्याची फोडणी कशी बसली, याचा उलगडा तेव्हा झाला. मी ती दोनदा मागून घेतली होती, पोटाला बरी म्हणून.

हे लिहितोय तेव्हा टॉवर बाहेर उभा आहे. उद्या बोट पाण्यात जाणार होती. ती आता परवा जाईल, कारण पुतण्या सिंकपाशी उभा आहे आणि तिसरी वाटी घासतो आहे. ग्रीस सुटतंय. हळद मात्र नटांना धरून बसली आहे, आणि माझा बारीक हात कुठे आहे म्हणून आतून विचारणा झाली आहे.