परवान्याची बंदूक आणि अभयारण्य

परवाना आहे म्हणून बंदूक कोठेही न्यावी, हा समज चुकीचा आहे. भुसावळहून सातपुड्यात मुक्कामास जाणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. यावल अभयारण्यात सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वलेखी परवानगीवाचून सशस्त्र प्रवेशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३१ वे कलम मनाई करते. अमेरिकेने २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत राज्यांच्या कायद्यांनुसार बंदूक बाळगण्यास मोकळीक दिली. ते अनुकरण आम्हांस मान्य नाही. निर्जन रानातला बार स्वसंरक्षणाचा की शिकारीचा, याला साक्षी कोण?

मात्र ३४ व्या कलमान्वये अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आतील परवानाधारकांसही नोंदणी सक्तीची आहे. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यास त्यापायी हेलपाटे पडू नयेत. सरकारने नोंदणी गावोगावी जाऊन करावी; मगच कठोर व्हावे.