आधी 'कुऱ्हाड' लिहून बघा

दुकानात टॅबलेट बघताना "यावर हाताने लिहिता येतं का?" असं विचारलंत, की काउंटरमागचा मुलगा लेखणी काढून काचेवर झोकात 'हॅलो' लिहितो. तेही इंग्रजीत. यंत्र ते तत्काळ ओळखतं, मुलगा तुमच्याकडे विजयी मुद्रेने बघतो आणि तुम्ही पाकिटाला हात घालता. थांबा. 'हॅलो' न ओळखणारं सॉफ्टवेअर आता बाजारात उरलेलंच नाही. लेखणी आपल्या हातात घ्या आणि 'कुऱ्हाड' लिहा. मग 'वऱ्हाड', 'ज्ञानेश्वर', 'घड्याळ', 'ॲल्युमिनियम'. शेवटी तुमचं आडनाव आणि गावाचं नाव. एवढ्यात खरं काय ते कळतं.

हा विषय काढायचं कारण म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र. घरात आठ इंची अँड्रॉइड टॅबलेट आला आहे. टायपिंग जमत नाही, बोलून लिहायचं तर घरात सगळ्यांसमोर संकोच वाटतो, अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. तेव्हा हस्ताक्षर ओळखणारं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? किराण्याची यादी, नातेवाइकांना निरोप आणि सवडीने शाळेतल्या आठवणी, एवढं लिहायचं आहे.

बाईंनी अक्षराचा उल्लेख मुद्दाम केला असावा, पण यंत्राला सुंदर अक्षराचं कौतुक नसतं. कागदाचा फोटो काढून त्यातला मजकूर ओळखणं हे निराळं काम. काचेवर लिहिताना यंत्र चित्र बघत नाही, लेखणी कुठे टेकली, कुठून कुठे गेली, कधी उचलली, याची क्रमवार नोंद ठेवतं. गुगलने 2019 साली आपल्या कीबोर्डातली जी पद्धत जाहीर केली, तिच्यात या नोंदीतल्या बिंदूंचे आधी वक्र बनवतात आणि ते वक्र न्यूरल नेटवर्ककडे देतात. त्याआधीची पद्धत शब्दाचे तुकडे पाडून एकेक अक्षर ओळखायची. नव्या पद्धतीने चुका 20 ते 40 टक्क्यांनी घटल्या, असं तेव्हा सांगितलं गेलं. ओळख या क्रमवार नोंदीवर चालत असल्यामुळे डॉक्टरी अक्षराच्या माणसाचंही नीट ओळखलं जातं आणि मोत्यासारखं अक्षर असलेल्यांची कधी कधी पंचाईत होते, कारण काही जण अक्षर घोटून, लेखणी वारंवार उचलून, पुन्हा मागे जाऊन लिहितात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या पडद्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना ते किती अचूक ओळखतं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, चुकल्यावर दुरुस्त करायला किती वेळ लागतो. साधा हिशोब करा. शंभरातली 95 अक्षरं बरोबर आली, तर ऐकायला झकास वाटतं. पण शब्द सरासरी चार अक्षरांचा धरला, तर साधारण पाचातला एक शब्द चुकलेला निघतो. वीस शब्दांच्या निरोपात चार दुरुस्त्या. प्रत्येक दुरुस्तीला शब्दावर बोट टेकवा, तो निवडा, खोडा, पुन्हा लिहा, असं करावं लागलं तर त्या वेळात पोस्टकार्ड लिहून पेटीत टाकून होईल. हेच सॉफ्टवेअर लिहायच्या चौकटीवर तीन-चार पर्यायी शब्द दाखवत असेल आणि बरोबर शब्दावर एक टिचकी मारली की भागत असेल, तर 95 काय, 90 सुद्धा चालतील.

हे शहाणपण जगाला महागात पडून आलं आहे. ॲपलने 1993 साली न्यूटन नावाचं हातात मावणारं यंत्र काढलं. कसंही लिहा, यंत्र समजून घेईल, असा त्याचा दावा. आतला ओळखणारा भाग मॉस्कोत सुरू झालेल्या पॅराग्राफ या कंपनीचा. ती काढणारे स्तेपान पाचिकोव पुढे एव्हरनोटचे संस्थापक म्हणून ओळखले गेले. न्यूटन शब्दकोशाच्या आधाराने अख्खा शब्द ओळखायचा. शब्दकोशात नसलेलं काही लिहिलं, की त्याच्या जवळचं कोशातलं काहीतरी ठोकून द्यायचा. 'डून्सबरी' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेने त्याची अशी टर उडवली, की यंत्राचं नाव कायमचं खराब झालं. पुढे ओळख पुष्कळ सुधारली, पण 1998 साली स्टीव्ह जॉब्सनी ते बंदच करून टाकलं.

याच्या अगदी उलट वाट 1996 साली पाम पायलटने धरली. जेफ हॉकिन्स यांनी हट्ट धरला, की यंत्राने माणसाचं अक्षर शिकायचं नाही, माणसाने यंत्राचं शिकायचं. त्यांच्या 'ग्राफिटी' लिपीत जवळपास प्रत्येक इंग्रजी अक्षर लेखणी न उचलता एका रेघेत काढायचं. A काढताना मधली आडवी रेघच गाळायची. दोन-तीन दिवस घोटलं की हात बसायचा आणि लोक भराभर लिहायचे. यावर झेरॉक्सने पेटंटचा दावा लावला आणि पामला पुढे लिपीच बदलावी लागली, तो भाग निराळा. मुद्दा असा, की पडदा तळहाताएवढा, ताकद आजच्या साध्या फोनच्या तुलनेत नगण्य, तरी लोक खूश होते. चूक झाली तर ती एकाच अक्षराची असायची आणि ती का झाली हे लिहिणाऱ्याला समजायचं. न्यूटन का चुकला हे कुणालाच समजायचं नाही.

देवनागरीसाठी मधली वाट बंगळुरात निघाली होती. एचपीच्या तिथल्या प्रयोगशाळेने 2006 च्या सुमारास 'जेश्चर कीबोर्ड' काढला. सपाट पाटीवर व्यंजनांचे चौकोन छापलेले. 'क' वर लेखणी टेकवून तिथेच वेलांटी काढली की 'की'. अक्षर छापलेलं, म्हणजे ओळखायला फक्त मात्रा उरते. कल्पना मला आजही पटते. पण पुढच्या काही वर्षांत लोकांच्या हातात स्पर्शाचे फोन आले, रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय लागली आणि ती पाटी मागे पडली.

आता आपल्या लिपीकडे या. परदेशी परीक्षणं वाचून सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांची फसगत इथेच होते, आणि चुका कुठे होतील हे आधीच सांगता येतं.

पहिली जागा, शिरोरेघ. शाळेत आपण अक्षरं लिहून शेवटी शब्दावर एक लांब रेघ ओढायला शिकलो. यंत्राच्या नोंदीत ही रेघ सगळ्यात शेवटी येते आणि सगळ्या अक्षरांना शिवून जाते. बरी सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात. खरी अडचण रेघ न देणाऱ्यांची. घाईत आपण जवळजवळ सगळेच ती गाळतो. मग 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक उरतो तो डोक्यावरच्या एवढ्याशा गाठीचा. काचेवर बोटाने लिहिताना ती गाठ बोटाखालीच दडते. 'धर' लिहिलं आणि 'घर' आलं, तर यंत्राला शिव्या देण्याआधी एकदा रेघ ओढून बघा.

दुसरी जागा, 'ल' आणि 'श'. मराठी माणूस पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' काढतो. हिंदी वळणाचा 'ल' दंडाचा आणि 'श' शेंडीचा. राज्य शासनाने 2022 च्या नोव्हेंबरात वर्णमालेचा आदेश काढून मराठी वळणंच वापरायला सांगितलं आहे. पण सॉफ्टवेअर प्रामुख्याने हिंदी नमुन्यांवर तयार झालेलं असेल, तर तुमच्या 'ल' वर ते अडखळणार. म्हणून सेटिंगमध्ये भाषा 'हिंदी' ठेवून काम भागवू नका. लिपी एकच असली तरी मराठी निवडा. नुसत्या अक्षरवळणासाठी नव्हे, 'ळ' साठीसुद्धा. हिंदीच्या शब्दांवर पोसलेलं यंत्र 'बाळ' ला 'बाल' करायला टपलेलं असतं.

तिसरी जागा माझ्या विशेष लोभाची, ती म्हणजे अर्धा 'र'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्यांना' पंगतीचं विचारायचं. हा आडव्या पापणीसारखा 'र' हिंदीला लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो. पहिल्या वेलांटीचं 'ऱ्हस्व' हे नावसुद्धा मराठीत बरेचदा त्यानेच लिहितात. त्यातही खोच अशी, की संगणकात हा 'र' दोन प्रकारांनी साठवता येतो, दिसायला दोन्ही अगदी सारखे. सॉफ्टवेअरने एका प्रकारे साठवला आणि शोधताना तुम्ही दुसऱ्या प्रकारे टाइप केला, तर स्वतः लिहिलेलं 'कुऱ्हाड' स्वतःच्याच वहीत सापडणार नाही. म्हणून चाचणीत शब्द लिहून थांबू नका, तो शोधूनही बघा.

नावांचं दुखणं न्यूटनच्या काळापासून तसंच आहे. आजचं यंत्रही आधी काय लिहिलं होतं, पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, असा अंदाज बांधूनच वाचतं. म्हणून रोजची वाक्यं फर्मास येतात आणि आडनावं, गावं, शेतातल्या अवजारांची नावं कोलमडतात. ज्यात स्वतःचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालता येतात, ते सॉफ्टवेअर इतरांपेक्षा दोन पावलं पुढचं समजा.

मग पडद्याचं माप. आठ इंची टॅबलेट उभा धरला तर रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास. त्यातली खालची पट्टी लिहायला मिळते. मध्यम अक्षरात दोन शब्द बसतात, तिसऱ्याला जागा नाही. लेखणी उचलल्यावर शब्द पक्का करण्याआधी यंत्र किती थांबतं, हे इथे फार महत्त्वाचं ठरतं. लगेच पक्का करणारं सॉफ्टवेअर तुम्ही अनुस्वार द्यायच्या आत शब्द पळवून नेतं. ही वेळ वाढवता येते का, हे सेटिंगमध्ये पाहा. आणि तळहात काचेला टेकला की मध्येच ओरखडे उठतात का, हेही. रबरी टोकाची स्वस्त लेखणी म्हणजे काचेच्या लेखी बोटच. हात टेकवून लिहायचं असेल तर टॅबलेटसोबत चालणारी, स्वतःचा सिग्नल असलेली लेखणी हवी, आणि ती प्रत्येक टॅबलेटवर चालत नाही. माझ्या मते पैसे खर्चायचेच तर सॉफ्टवेअरपेक्षा इथे खर्चावेत.

बाजारात आहे काय? अँड्रॉइडवर गुगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, फुकट आहे आणि त्यात मराठीच्या यादीत हस्तलेखनाचा पर्याय मिळतो. गुगलने 2015 साली हे वेगळं ॲप म्हणून काढलं तेव्हाच 82 भाषा होत्या. आयपॅडवर 2020 साली 'स्क्रिबल' आलं ते इंग्रजी आणि चिनी घेऊन. यादी नंतर वाढत गेली, पण मराठीसाठी आयपॅड घ्यायचा तर दुकानातच यादी उघडून बघा, जाहिरातीवर जाऊ नका. फ्रान्समधल्या नांत शहरातली मायस्क्रिप्ट कंपनी या क्षेत्रातली जुनी आणि जाणती. 'नेबो' या नावाने आलेलं तिचं ॲप लिहिलेली शाई तशीच ठेवतं आणि सांगाल तेव्हा तिचा मजकूर करून देतं. सॅमसंगचं वहीचं ॲपही याच वाटेने जातं. इंग्रजीत किंवा गणितात काम करणाऱ्याला नेबोची शिफारस मी डोळे झाकून करेन.

शाई तशीच ठेवायची ही पद्धत माझ्या मते सगळ्यांत समंजस. फोन नंबर, यादी, भाषणाची टिपणं यांचा छापील मजकूर व्हायची गरजच काय? तुमचं अक्षर तुम्हाला वाचता येतं. रूपांतर लागतं ते दुसऱ्याला पाठवायला किंवा पुढे शोधायला. तेवढ्यापुरतं ते करावं.

तेव्हा बाई, तुमच्यासाठी असं. नवं काही विकत घेऊ नका. जीबोर्डात मराठी हस्तलेखन सुरू करा, मराठीची फाइल एकदा उतरवून घ्या म्हणजे नेट नसतानाही चालेल, आणि निरोप त्यावर लिहा. यादीसाठी कुठलंही साधं शाईचं ॲप पुरे. राहिल्या आठवणी. शे-दोनशे पानांचा मजकूर सव्वाचार इंचांच्या पट्टीत दोन-दोन शब्दांनी लिहायचा बेत असेल तर तो सोडून द्या. फुलस्केप वही घ्या, समास सोडून एका बाजूला लिहा आणि गावातल्या डीटीपीवाल्याकडे द्या. तो पानामागे पैसे घेईल, पण 'आचाऱ्यांना' त्याला बरोबर वाचता येतं.