एवढं चाललं, तरी काटा का हलत नाही?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेल दहा टक्के कमी वापरा असं आवाहन केलं. आपल्याकडे तेलाचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, चालणं मात्र उचललं. फजरनंतर महाड-पोलादपूरकडे बूट घालून निघणारे बरेच दिसतात. दोन-तीन महिन्यांत त्यातले निम्मे गायब. पालकसभेत आया सांगतात, ‘टीचर, एवढं चालले, काटा काही हलला नाही.’

काटा खोटं बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ३४ समाजांतल्या ४,२१३ लोकांचा अभ्यास आला. शिकारीवर जगणारे, शेतकरी, खुर्चीत बसून काम करणारे, सगळे त्यात होते. श्रीमंत देशांत वाढलेल्या चरबीत शरीर कमी ऊर्जा खर्च करतं याचा वाटा जेमतेम दहावा निघाला. मोठा वाटा ताटाचा. हिशेब घरीही करता येतो. अर्धा तास झपझप चालून जेवढ्या कॅलरी जळतात, जवळपास तेवढ्या एका मोठ्या चमचाभर तेलात असतात. आठवड्याचं चालणं एका दावतीत परत येतं.

दादी भातलावणी करायची म्हणून सडपातळ होती, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. तिच्या घरी तेल मोजून यायचं आणि बिर्याणी लग्नातच मिळायची. आता कित्येक घरांची शेती सुटली, चूल आखातातल्या पगारावर चालते, आणि फरसाण, थंड पेय रोजचंच झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जादा वजनाच्या बायका २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के.

मग चालणं सोडायचं का? इथंच लोक चुकतात. वजन तेवढंच राहिलं तरी चालण्यानं साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत होते. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाचा अंदाज. म्हणून काट्यापेक्षा कमरेला टेप लावा. बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

पण बाईनं चालायचं कुठं? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’नं २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांत पुरेशी हालचाल नसलेले भारतीय पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. हा फरक आळसाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. मर्दांचं मशिदीपर्यंत जाणं-येणं तरी होतं. बाई एकटी निघाली तर चार तोंडं बोलतात, महामार्गाच्या कडेनं चालणं धोक्याचं, आणि पावसाळ्यात तर चिखलच चिखल. शाळांची मैदानं असर ते मगरिब बहुतेक रिकामी असतात. शाळा व्यवस्थापन आणि मोहल्ला कमिटीनं ती तेवढा वेळ बायकांसाठी उघडली, तर खर्च काहीच नाही. चावी कुणाकडे ठेवायची, एवढंच ठरवायचं आहे.